निर्वात, प्लाझ्मा आणि पीएलसी : प्रस्तावना

साखर कारखान्याच्या पॅनवर ज्याने एखादा हंगाम काढला आहे, त्याला निर्वात म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा. अशा कारखान्यांतल्या पॅनमनने काचेतून उकळता रस पाहिलेला असतो, गेजवर २५-२६ इंच व्हॅक्यूम धरून ठेवलेला असतो आणि व्हॅक्यूम पडला की दाणा कसा बिघडतो हेही भोगलेले असते. दाब उतरला की रस कमी तापमानाला उकळतो, म्हणून साखर करपत नाही. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी ही पद्धत काढली आणि ती भीमेच्या काठापर्यंत आली. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रसायने तयार करणाऱ्यांनाही व्हॅक्यूम डिस्टिलेशन परके नाही. या परिसरातल्या वाचकाची निर्वाताशी अशी जुनी ओळख आहे, आणि प्लाझ्मा प्रक्रियेचा विषय त्याच ओळखीवरून पुढे नेता येतो.

पॅनमधले निर्वात मात्र उथळ असते. २६ इंचांवरही आत साधारण १३५ मिलिबार दाब उरतो. बाहेरच्या हवेचा दाब १०१३ मिलिबार, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा आत शिल्लकच आहे. प्लाझ्माच्या कामाला याच्या कितीतरी खाली उतरावे लागते. पोलादाचा पृष्ठभाग नायट्रोजनने कडक करायला, म्हणजे नायट्रायडिंगला, १ ते १० मिलिबार चालतात, प्लॅस्टिक किंवा सर्किट बोर्डचा पृष्ठभाग स्वच्छ करायला ०.१ ते १ मिलिबार लागतो, आणि स्पटरिंगने धातूचा लेप द्यायचा तर ०.००१ ते ०.०१ मिलिबारपर्यंत जावे लागते. याचे कारण रेणूंच्या गर्दीत आहे. एक मिलिबारला हवेचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्याआधी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही अंतर जात नाही. ०.००१ मिलिबारला तेच अंतर सहा-सात सेंटिमीटर होते. दोन इलेक्ट्रोडमध्ये काहीशे व्होल्ट लावले की वायूतला एखादा मोकळा इलेक्ट्रॉन धाव घेतो, रेणूवर आदळतो, त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि ही साखळी वाढत गेली की वायू वीज वाहून नेऊ लागतो आणि उजळतो. हाच प्लाझ्मा. गर्दी फार असेल तर इलेक्ट्रॉनला वेग घेता येत नाही. वायू फार विरळ असेल तर आदळायला समोर कोणी सापडत नाही. दाब आणि इलेक्ट्रोडमधले अंतर यांच्या गुणाकारावर प्लाझ्मा पेटण्याचे व्होल्टेज अवलंबून असते, हे फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवले. आजही यंत्रावर नवीन आलेला माणूस ‘सप्लाय चालू आहे, पण पेटत नाही’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा बहुतेक वेळा दोष दाबात निघतो.

या विषयाचा इतिहास दोन वाटांनी आला. एक वाट निर्वाताची आणि वायूतल्या विजेची. तोरिचेल्ली यांचा १६४३ चा पाऱ्याचा प्रयोग आणि त्यानंतर काही वर्षांनी ऑटो फॉन गेरिके यांनी केलेला हवेचा पंप ही तिची सुरुवात. १८५७ मध्ये गाइसलर यांनी विरळ वायू भरलेल्या चमकत्या नळ्या बनवल्या. त्याआधीच, १८५२ मध्ये, विल्यम ग्रोव्ह यांच्या लक्षात आले होते की अशा विद्युत-विसर्गात कॅथोडचा धातू झिजतो आणि समोरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो. तेव्हा तो दोष वाटला. आज स्पटरिंगचा सगळा उद्योग त्याच ‘दोषावर’ उभा आहे. व्होल्फगांग गेडे यांचा रोटरी पंप आणि नंतरचा डिफ्यूजन पंप, पिरानी यांचे १९०६ चे गेज, पेनिंग यांचे १९३७ चे गेज या साधनांमुळे निर्वात प्रयोगशाळेतून कारखान्यात आले. ‘प्लाझ्मा’ हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये दिले.

१९३० च्या दशकात जर्मनीत बर्नहार्ड बर्गहाउस यांनी प्लाझ्मात पोलाद कडक करण्याची पद्धत विकसित केली. १९७० च्या दशकात मॅग्नेट्रॉन स्पटरिंग आणि सेमीकंडक्टर चिपवरचे प्लाझ्मा एचिंग आले आणि या तंत्राचा पसारा झपाट्याने वाढला. भारतात गांधीनगरजवळच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चने १९९७ मध्ये उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र काढले आणि प्लाझ्मा नायट्रायडिंगसारखी तंत्रे कारखान्यांपर्यंत नेली. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही प्लाझ्माने पदार्थांवर प्रक्रिया करण्याचे संशोधन अनेक वर्षे चालत आले आहे.

दुसरी वाट नियंत्रणाची. १९६० च्या दशकापर्यंत कारखान्यातले स्वयंचलन म्हणजे रिलेंनी भरलेली कपाटे. मोटारीचे नवे मॉडेल आले की ती वायरिंग उपसून पुन्हा करावी लागे. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला १९६८ मध्ये याला पर्याय हवा होता. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी त्यासाठी जो प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर (पीएलसी) केला तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून त्याचे नाव मोडिकॉन ०८४ पडले. मॉर्ली यांचा मोठा निर्णय असा की इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकवायची नाही. रिलेचा जो नकाशा तो कागदावर वाचत होता, तोच प्रोग्रॅममध्ये वापरायचा. शिडीसारख्या नकाशाची लॅडर ही भाषा तिथून आली, आणि पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी ती टिकून आहे. भारतात १९८० च्या दशकात पुण्याच्या मेसुंगसारख्या कंपनीने इथेच पीएलसी बनवायला घेतले. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाने, म्हणजे आजच्या आयईसी ६११३१-३ ने, लॅडरसह पाच भाषांना एका छत्राखाली आणले.

या दोन वाटा जिथे मिळतात तिथे या पुस्तकाचा विषय सुरू होतो. ही जागा कशी दिसते, हे नायट्रायडिंगच्या एका सायकलवरून समजते. डाय किंवा गिअरचे जॉब घासूनपुसून टेबलावर मांडलेले असतात. त्यांवर बोटाचा तेलकट ठसासुद्धा राहून चालत नाही. वरून घंटेच्या आकाराचे झाकण उतरते, रोटरी पंप सुरू होतो, गेजचा आकडा खाली सरकू लागतो. दाब पुरेसा उतरला की थोडा हायड्रोजन किंवा आर्गॉन सोडून व्होल्टेज हळूहळू चढवायचे. पहिली पाच-दहा मिनिटे खिडकीतून जॉबवर ठिणग्या पळताना दिसतात. तो उरलासुरला मळ आणि ओलावा जळत असतो. ठिणग्या थांबल्या की जांभळट गुलाबी उजेड जॉबच्या अंगाला एखाद्या तलम कापडासारखा चिकटून राहतो. मग तापमान ५०० ते ५५० अंशांपर्यंत न्यायचे, नायट्रोजन आणि हायड्रोजन ठरलेल्या प्रमाणात सोडायचे, आणि दहा, वीस, कधी तीस तास तसेच धरून ठेवायचे. एखादे खोल भोक बुजवायचे राहिले असेल तर उजेड त्या भोकात शिरतो, आत जास्त तेजाने पेटतो आणि तेवढाच भाग जास्त तापतो. जाणता ऑपरेटर खिडकीतून हे ओळखतो आणि व्होल्टेज उतरवतो.

यात ऑपरेटरचा हात, डोळा आणि कान तीनही राबतात. पंपाचा आवाज बदलला की त्याला कळते, उजेडाचा रंग फिकट झाला की त्याला हवेच्या गळतीचा संशय येतो. पण तीस तासांच्या सायकलमध्ये चार शिफ्ट बदलतात आणि चार माणसांचे चार अंदाज होतात. स्वयंचलनाची गरज इथे सुरू होते. त्याची अडचणही इथेच सुरू होते, कारण माणसाला जे सहज कळते ते पीएलसीला एकेक करून सांगावे लागते.

पीएलसीची कामाची रीत साधी आहे. तो आधी सगळ्या इनपुटचा फोटो काढावा तसा एकदाच आढावा घेतो, मग प्रोग्रॅम वरून खाली वाचतो, मग सगळे आउटपुट एकदम बदलतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात. ही फेरी ठरलेल्या वेळात पूर्ण झाली नाही तर वॉचडॉग हा राखणदार टायमर त्याला थांबवतो. संगणकावर लिहायची सवय असलेला तरुण इथे पहिल्यांदा अडखळतो. तो ‘व्हॉल्व उघड, दाब उतरेपर्यंत थांब, मग पुढे जा’ असे लिहितो आणि पीएलसीला एका ओळीवर थांबवून ठेवतो. पीएलसीत कुठेही थांबायचे नसते. प्रत्येक फेरीत सगळे पाहायचे असते, आणि ‘सध्या यंत्र कोणत्या अवस्थेत आहे’ हा प्रश्न प्रत्येक फेरीत नव्याने विचारायचा असतो.

हा प्रश्नच या पुस्तकाचा गाभा आहे, आणि त्याचे सर्वांत जुने उत्तर दौंडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. दौंड जंक्शनवर पुण्याची, सोलापूरची आणि मनमाडची लाइन मिळते, बारामतीचा फाटाही इथूनच निघतो. अशा ठिकाणी गाडीला सिग्नल देणे म्हणजे नुसता हिरवा दिवा लावणे नव्हे. आधी पॉइंट त्या बाजूला फिरायला हवा. मग तो खरोखर बसला आहे, कुलूप लागले आहे, याची खूण परत यायला हवी. त्या मार्गावर दुसरी गाडी उभी नाही, समोरून कोणाला वाट दिलेली नाही, हे पक्के व्हायला हवे. एवढे झाल्यावरच सिग्नल उतरतो, आणि एकदा उतरला की गाडी निघून जाईपर्यंत पॉइंट हलवता येत नाही. रेल्वेने हे इंटरलॉकिंग एकोणिसाव्या शतकातच लोखंडी दांड्या आणि खाचांमध्ये बसवले होते, कारण प्रत्येक नियमामागे कुठला तरी अपघात होता.

निर्वात कक्षाचे नियम याच जातीचे आहेत. हवा आत सोडणारा व्हेंट व्हॉल्व उघडा असताना पंपाचा व्हॉल्व कधीही उघडायचा नाही. तेलाच्या वाफेवर चालणारा डिफ्यूजन पंप तापला नसेल किंवा त्याच्या मागचा दाब जास्त असेल तर मुख्य व्हॉल्व उघडायचा नाही. थंड पाणी वाहत नसेल तर हीटर लावायचा नाही. दार बंद नसेल, दाब ठरलेल्या पट्ट्यात नसेल तर प्लाझ्माला वीज द्यायची नाही. आणि व्हॉल्वला ‘बंद हो’ असे सांगितले म्हणून तो बंद झाला असे मानायचे नाही. त्याच्या लिमिट स्विचची खूण परत आली पाहिजे. प्लंजरला कचरा अडकलेला व्हॉल्व आदेश पाळतो आणि अर्धा उघडा राहतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे तो लिमिट स्विचच्या पैशांवरून वाद घालत नाही.

नवशिक्याचा पहिला प्रोग्रॅम जवळजवळ नेहमी टायमरवर उभा असतो. पंप चालू, दहा मिनिटे थांबा, मुख्य व्हॉल्व उघडा. एप्रिलमध्ये हे चालते. जुलैमध्ये पावसाळी हवेत कक्ष अर्धा तास उघडा राहिला की भिंतींवर पाण्याचे रेणू चिकटून बसतात आणि तोच दाब यायला दुप्पट वेळ लागतो. टायमरला पावसाची खबर नसते. तो दहा मिनिटांनी व्हॉल्व उघडतो, तापलेल्या डिफ्यूजन पंपात हवा घुसते आणि महागडे तेल काळे होते. बरोबर प्रोग्रॅम घड्याळाला विचारत नाही, कक्षाला विचारतो. दाब ०.१ मिलिबारच्या खाली उतरला आहे का, तो काही सेकंद तिथेच टिकला आहे का, पंपाच्या मागचा दाब ठीक आहे का? या तिन्हीला होकार आला तरच पुढची पायरी. टायमर तेव्हाही असतो, पण त्याचे काम वेगळे: वीस मिनिटांत दाब उतरला नाही तर गळतीची शंका कळवणे. या पुस्तकातून वाचकाने एकच सवय उचलायची असेल, तर ती ही.

वीज गेल्यावर हाच प्रश्न जास्त तीव्र होतो. नायट्रायडिंगच्या चौदाव्या तासाला लाईट गेली तर पीएलसी यूपीएसवर जागा असतो, पण पंप थांबलेले असतात. वायूचे व्हॉल्व वीज जाताच आपोआप बंद होणारे निवडलेले असावेत, रोटरी पंपाचे तेल कक्षात ओढले जाऊ नये म्हणून मधला व्हॉल्व मिटलेला असावा, हे सगळे वायरिंगच्या वेळीच ठरते. चाळीस मिनिटांनी लाईट आल्यावर काय करायचे हे मात्र प्रोग्रॅमने ठरवायचे असते. आपोआप पुन्हा प्लाझ्मा पेटवणारा प्रोग्रॅम धोकादायक आहे, आणि सगळी सायकल शून्यापासून सुरू करणारा प्रोग्रॅम जॉब वाया घालवतो. जॉबचे तापमान किती उतरले, कक्षात हवा शिरली का, ठरलेल्या तापमानाला प्रत्यक्ष किती तास भरले, हे लक्षात ठेवून ऑपरेटरपुढे मांडणारा आणि त्याच्या होकाराची वाट पाहणारा प्रोग्रॅम योग्य.

मोजमापाचा एक प्रश्न नवशिक्यांना हमखास चकवतो, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे. तापमानाचा किंवा पाण्याच्या दाबाचा ट्रान्समीटर सरळ रेषेत चालतो: ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, २० म्हणजे पूर्ण. निर्वाताचे गेज तसे नसते. हवेच्या दाबापासून त्याच्या अब्जाव्या हिश्शापर्यंतची पट्टी त्याला दहा व्होल्टमध्ये बसवायची असते, म्हणून ते लॉगरिदमने चालते. एका प्रचलित प्रकारच्या गेजमध्ये दाब दहापट बदलला की आउटपुट ०.६ व्होल्टने बदलते. म्हणजे वायरमध्ये ०.१ व्होल्टची चूक शिरली तर वाचलेला दाब जवळजवळ निम्म्याने वाढलेला दिसतो. पीएलसीत सरळ रेषेचे स्केलिंग लावणाऱ्याला पडद्यावर आकडे दिसतात, ते हलतातही, पण ते खरे नसतात. त्यात पिरानी गेज वायूप्रमाणे बदलते. हवेसाठी जुळवलेले गेज आर्गॉनमध्ये खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवते आणि हायड्रोजनमध्ये जास्त. नायट्रायडिंगमध्ये हायड्रोजन भरपूर असतो, म्हणून प्रक्रियेच्या दाबासाठी आतल्या पातळ पडद्याच्या वाकण्यावरून दाब मोजणारे कपॅसिटन्स गेज वापरणे शहाणपणाचे. ते महाग असते, तरी प्रक्रिया त्यावरच सोपवावी.

पीएलसीच्या मर्यादाही सुरुवातीलाच माहीत असाव्यात. प्लाझ्मात चमक अचानक एका बिंदूत गोळा होऊन आर्क झाला तर जॉबवर खड्डा पडतो. तो ओळखून वीज तोडायचे काम मायक्रोसेकंदात व्हावे लागते. पीएलसीची एक फेरी त्यापेक्षा हजारो पटींनी मोठी. म्हणून आर्क सांभाळणे हे पॉवर सप्लायचे काम आणि आर्क मोजणे हे पीएलसीचे. मिनिटाला आर्कची संख्या वाढली तर व्होल्टेज खाली घेणे, फारच वाढली तर पायरी मागे नेणे, एवढे त्याने करावे. १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ-वारंवारतेच्या (आरएफ) सप्लायवर चालणाऱ्या यंत्रात आणखी एक त्रास: प्लाझ्मा पेटताच गेजचा आकडा उडी मारतो. कक्षात काहीच बदललेले नसते. केबलचे शील्ड नीट अर्थ केलेले नसते. पॅनेलमध्ये आरएफची आणि ॲनालॉगची केबल एकाच डक्टमधून नेणाऱ्या वायरमनला हा धडा लवकर मिळतो.

सुरक्षेचा विषय पीएलसीच्या वर आहे, आतमध्ये नाही. इमर्जन्सी स्टॉप, दाराचा उच्च-व्होल्टेज स्विच आणि हायड्रोजनची सुरक्षा साध्या प्रोग्रॅमवर सोपवायची नसते. ती स्वतंत्र सेफ्टी रिलेने किंवा खास सेफ्टी पीएलसीने व्हायला हवी. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेऊ शकतो. गरम कक्षातला हायड्रोजन पूर्ण ओढून, नायट्रोजनने धुऊन काढल्याशिवाय हवा आत येता कामा नये. हा नियम लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या घरातल्या माणसासाठी लिहितो आहोत असे समजून लिहावा.

प्रोग्रॅम कसा रचावा याबद्दल या क्षेत्रात तीन-चार घराणी आहेत. पहिले लॅडरचे. पॅनेल वायरिंगमधून आलेली माणसे यात वाढली. इंटरलॉकसाठी लॅडर अतुलनीय आहे, कारण रात्री दोन वाजता बंद पडलेल्या यंत्रावर कुठला कॉन्टॅक्ट अडला आहे हे मेंटेनन्सच्या माणसाला पडद्यावर हिरव्या रेषेत दिसते. लांबलचक क्रम मात्र लॅडरमध्ये लिहिला की तो गुंत्यासारखा होतो. दुसरे घराणे पायऱ्यांचे. फ्रान्समध्ये १९७७ मध्ये ग्राफसेट आले, त्यातूनच आजचा सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट निघाला. प्रत्येक पायरी एक चौकोन, दोन पायऱ्यांमध्ये एक अट. अट पुरी झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिसरे घराणे संगणकाच्या वळणाचे, स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहिणारे. लॉगरिदमचे स्केलिंग, वायूंच्या प्रमाणाचे गणित, पीआयडी नियंत्रणाची जुळणी यासाठी तेच बरे. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत याच वळणाने पीसीवर किंवा मायक्रोकंट्रोलरवर सगळे नियंत्रण ठेवायची पद्धत आहे. प्रयोगाला ती सोयीची आहे, पण दिवसरात्र चालणाऱ्या कारखान्यात पीसी अपडेट घ्यायला थांबला तर जॉब भट्टीत अडकतात.

चौथे घराणे रसायन उद्योगातून आले. १९९५ च्या आयएसए-८८ मानकाने रेसिपी आणि यंत्र वेगळे केले. यंत्राला ‘दाब उतरव’, ‘तापव’, ‘धरून ठेव’ अशी कामे येतात. कोणत्या जॉबला किती, हे रेसिपी सांगते. कुरकुंभला बॅच रिॲक्टरवर काम केलेल्या माणसाला ही विभागणी अंगवळणी पडलेली असते आणि प्लाझ्मा यंत्रावर ती जशीच्या तशी उपयोगी पडते. या पुस्तकाचा कल उघड आहे: इंटरलॉक लॅडरमध्ये, क्रम पायऱ्यांमध्ये, गणित टेक्स्टमध्ये, आणि आकडे सगळे रेसिपीत. एकाच भाषेचा हट्ट धरणारे उत्तम इंजिनिअर आहेत, पण शिकणाऱ्याला त्या हट्टाने फायदा होत नाही.

या विषयाला आजच महत्त्व का यावे, याची कारणे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात फिरताना दिसतात. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात वाहने, त्यांचे सुटे भाग आणि घरगुती उपकरणे तयार होतात. गाडीच्या हेडलॅम्पचा चकाकता रिफ्लेक्टर म्हणजे प्लॅस्टिकवरचा ॲल्युमिनियमचा थर असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ, निर्वातात चढवलेला. त्याआधी प्लाझ्माने प्लॅस्टिक स्वच्छ होते आणि नंतर प्लाझ्मातूनच वर एक पारदर्शक संरक्षक थर बसतो. डाय आणि गिअर नायट्रायडिंगला जातात, कटिंग टूलवर सोनेरी टायटॅनियम नायट्राइड चढतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचे क्लस्टर मंजूर केले. सर्किट बोर्डवर लेप किंवा गोंद बसण्याआधी प्लाझ्माने पृष्ठभाग तयार करणे ही इलेक्ट्रॉनिक्सची नेहमीची पायरी आहे.

दुसरे कारण कागदपत्रांचे. मोटार कंपन्या हीट ट्रीटमेंट करणाऱ्यांकडून सीक्यूआय-९ या मूल्यांकन पद्धतीप्रमाणे तपासणी मागतात. कोणत्या बॅचला किती तापमान, किती वेळ, गेज कधी तपासले, अलार्म आला तेव्हा काय केले, याची नोंद वर्षांनंतरही काढून दाखवावी लागते. वहीत हाताने लिहिलेल्या आकड्यांवर हे भागत नाही. तिसरे कारण जुन्या यंत्रांचे. वीस-तीस वर्षांपूर्वीचे कक्ष अजून भक्कम असतात, त्यांचे पंप दुरुस्त होतात. पण रिले पॅनेल आणि जुन्या कंट्रोलरचे सुटे भाग मिळत नाहीत. अशा यंत्राला नवा पीएलसी बसवून पुन्हा उभे करणे हे लहान कारखानदाराला परवडणारे काम आहे. ते करू शकणारी माणसे मात्र थोडी आहेत. पीएलसीचा कोर्स केलेले पुष्कळ सापडतात, पण त्यांनी कन्व्हेयर आणि बाटल्या भरणारी यंत्रे शिकलेली असतात. निर्वात जाणणारे सापडतात, पण ते व्हॉल्व हातानेच फिरवतात. दोन्ही येणारा माणूस बाहेरगावाहून बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत यंत्र झाकून ठेवावे लागते.

मराठीत या विषयावर लिहिताना शब्दांचा प्रश्न येतो. ‘निर्वात’, ‘दाब’, ‘गळती’, ‘अवस्था’, ‘पायरी’ हे शब्द कामाचे आहेत आणि पुस्तकाने ते वापरले आहेत. व्हॉल्व, गेज, जॉब, रेसिपी, अलार्म यांना मराठी शब्द घडवायचा प्रयत्न केलेला नाही, कारण कारखान्यात ते मराठीच झाले आहेत. आयटीआय आणि डिप्लोमाची बहुतेक मुले मराठीत विचार करतात आणि मॅन्युअल इंग्रजीत वाचतात. या दोहोंमधल्या फटीत समज गळते, ती बुजवावी हा या पुस्तकाचा पहिला हेतू.

दुसरा हेतू मर्यादित आणि ठोस आहे. एक रोटरी पंप, एक डिफ्यूजन पंप, चार व्हॉल्व, दोन गेज, दोन वायू आणि एक प्लाझ्मा सप्लाय एवढे एकच यंत्र पुस्तकभर सोबत राहते. वाचक आधी ते कागदावर उभे करतो, त्याच्या अवस्था मोजतो, प्रत्येक अवस्थेत काय होऊ द्यायचे नाही याचा तक्ता भरतो, आणि मगच प्रोग्रॅमला हात घालतो. कोणत्याही एका कंपनीच्या पीएलसीला पुस्तक बांधलेले नाही. उदाहरणे मानकातल्या भाषांत आहेत आणि कोणत्याही ब्रँडवर थोड्या बदलाने चालतात. सेमीकंडक्टर कारखान्यांचे संवादाचे खास नियम, आरएफ जुळणीचे सखोल सिद्धांत आणि प्लाझ्माचे गणिती भौतिकशास्त्र इथे नाही.

अर्ध्याहून अधिक सरावाला निर्वात कक्ष लागत नाही. लहान पीएलसी, २४ व्होल्टचा सप्लाय, व्हॉल्वच्या जागी दिवे, लिमिट स्विचच्या जागी साधे टॉगल आणि गेजच्या जागी ० ते १० व्होल्टचा पोटेन्शिओमीटर लाकडी फळीवर बसवला की सुरुवात होते. पोटेन्शिओमीटर हळूहळू फिरवत दाब ‘उतरवायचा’ आणि दिवे बरोबर क्रमाने लागतात का पाहायचे. मग मधेच सप्लायचा स्विच बंद करायचा, चहा घेऊन यायचे, पुन्हा चालू करायचा आणि फळीवरचे यंत्र आपण सोडले होते त्याच अवस्थेत, हुकमाची वाट पाहत उभे आहे की नाही, हे तपासायचे.